तुटलेलं बोट किती वेळ जिवंत असतं?

भोसरी-चाकणच्या एखाद्या प्रेस शॉपमध्ये बोट तुटून पडलं, की आजूबाजूच्यांना वाटतं, संपलं. पण ते बोट अजून मेलेलं नसतं! साध्या हवेत साधारण १२ तास आणि नीट गार ठेवलं तर २४ तासांपर्यंत ते पुन्हा जोडण्याजोगं राहू शकतं. कोपरापासून तुटलेल्या हाताला मात्र साध्या हवेत सहा तासांचीही उसंत नसते.

असं का? कारण बोटांत स्नायूच नसतात. डाव्या हाताने उजव्या हाताचा कोपराखालचा भाग घट्ट धरा आणि उजवी बोटं हलवून पाहा. वळवळ कुठे जाणवते? बोटं वाकवणारे दणकट स्नायू तिथे वर बसलेले असतात. बोटापर्यंत येतात त्या फक्त कंडरा, कळसूत्री बाहुलीच्या दोऱ्यांसारख्या. रक्त थांबलं की आधी दम तोडतो तो स्नायू. हाड, कातडी आणि कंडरा बराच वेळ तग धरतात.

१९६५ साली जपानमधल्या नारा इथे कोमात्सु आणि तामाई या शल्यविशारदांनी पूर्ण तुटलेला अंगठा रक्तवाहिन्या शिवून जोडला. जगातला हा पहिला यशस्वी प्रयत्न. बोटातली धमनी जेमतेम एक मिलिमीटरची. ती शिवायचा आजचा धागा केसाहूनही बारीक असतो.

पण शल्यविशारदाच्या हाती काय पडणार, हे ठरतं कारखान्यातच. मशीन बंद करायची, जखमेवर स्वच्छ कापड दाबून हात उंच धरायचा. बोट सलाईनने ओलसर केलेल्या गॉझमध्ये गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करायचं आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवायची. थेट बर्फावर नाही! तिथे पेशींतलं पाणी गोठतं आणि वाचवायला निघालेलं बोट आपणच मारतो. कातडीला लोंबकळणारं बोट तोडायचंही नाही.

दवाखान्यात पहिले प्रश्न येतात: किती वाजता? कशाने? कसं ठेवलं होतं? कटरने साफ कापलेलं बोट जोडणं सोपं, प्रेसखाली चिरडलेलं अवघड, कारण त्यातल्या रक्तवाहिन्या आतून लांबवर फाटलेल्या असतात. यातली वेळ आणि मशीन अपघात नोंदवहीतही लिहावी लागते. ‘कामगाराचं लक्ष नव्हतं’ एवढं खरडून भागत नाही. दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय प्रेस खाली येऊ नये, अशी सोय असते. मग एक बटण चिकटपट्टीने दाबून ठेवलं होतं का? माल लवकर काढायला? हे लिहिलं नाही, तर पुढच्या शिफ्टचा माणूस त्याच पट्टीसमोर बसतो.

दुखापतीमुळे कामगार ४८ तास किंवा जास्त काळ कामावर येऊ शकला नाही, तर मालकाने सरकारी यंत्रणेला कळवणं बंधनकारक आहे. भरपाईच्या कायद्याने तर बोटांचं मोलही ठरवून ठेवलंय: अंगठा गेला तर कमाईची क्षमता ३० टक्क्यांनी घटली असं धरतात, पूर्ण तर्जनीसाठी १४, मधल्या बोटासाठी १२, अनामिका किंवा करंगळीसाठी ७.

आणि बोट जुळलं तर? तर कागद नको, असं अनेकांना वाटतं. पण तुटलेला मज्जातंतू दिवसाला सुमारे एक मिलिमीटर वाढतो. टोकाशी स्पर्श कळायला महिने जातात, कधी तो पुरता येतही नाही. बोट आखडलंय, थंडीत ठणकतं, नट धरवत नाही, हे तेव्हा कुठे उमगतं. कामगार अपंगत्व ठरवणाऱ्या मेडिकल बोर्डापुढे उभा राहतो तोवर साक्षीदार नोकरी बदलून गेलेले असतात. म्हणून बोट जुळण्याची आशा कितीही असो, नोंद त्याच दिवशी व्हायला हवी.