सायकलवाल्यांचीही सभा भरवा

सकाळी वडखळ-अलिबाग रस्त्याच्या कडेला उभे राहून पाहावे. दप्तर पाठीला लावून शाळेला निघालेली मुलगी, डबा अडकवून कामावर निघालेला बिगारी, दोघेही सायकलीवर. त्यांना खेटून ट्रक आणि ट्रेलर धावतात. शनिवार-रविवारी त्यात पर्यटकांच्या गाड्यांची भर पडते. सायकलीला ना नंबर, ना टॅक्स. म्हणून तिचे गाऱ्हाणे कोणी ऐकत नाही. पण मतपेटीपाशी सायकलवाल्याचे मतही एक आणि मोटारवाल्याचेही एकच!

तेव्हा गावोगावच्या तरुण मंडळांनी आणि महिला मंडळांनी पुढाऱ्यांना बोलावून सायकलीवर एक चर्चासभा भरवावी, असे आम्ही सुचवतो.

सभेआधी आठ दिवस वाडीपासून शाळेपर्यंत आणि बाजारापर्यंत सायकलीने फिरावे. साईडपट्टी कुठे खचली, दिवा कुठे नाही, मुली कुठे उतरून चालतात, हे वहीत लिहावे. मग रस्ता कोणाचा ते पाहावे. गावातला रस्ता ग्रामपंचायतीचा, गावांना जोडणारे लहान रस्ते बहुधा जिल्हा परिषदेचे, राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम खात्याचे. वडखळ-अलिबाग आता राष्ट्रीय महामार्ग आहे. त्याचा जाब एकट्या सरपंचांना विचारून काय होणार? तिथे खासदारच हवेत.

सभेत हारतुरे नकोत, लांबलचक भाषणे नकोत. पहिला प्रश्न शाळकरी मुलीने विचारावा. कोणते काम, कोणत्या निधीतून, कोणत्या महिन्यापर्यंत, एवढेच उत्तर घ्यावे. ते तिथल्या तिथे लिहून सर्वांसमोर वाचावे व खाली सही मागावी. सही द्यायला कचरणाऱ्याचे आश्वासन किती खरे, ते लोकांनाच कळेल.

पुढे हाच विषय ग्रामसभेत न्यावा. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घेण्याची तरतूद कायद्यात आहे. आयाबहिणींनी तिथेच ठराव मांडावा. गणपूर्तीला १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यांपैकी जो आकडा कमी असेल तेवढे लागतात. काम अडले तर १० रुपयांत माहितीच्या अधिकाराचा अर्ज करता येतो.

ठराव झाला म्हणून मात्र घरी बसू नये. चवदार तळे सर्वांना खुले करण्याचा ठराव महाड नगरपालिकेने १९२४ सालीच केला होता. तो कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारोंसह तळ्यावर चालत गेले, तेव्हा कुठे त्या कागदात जीव आला. दूर हॉलंडमध्येही १९७१ साली रस्त्यावरच्या अपघातांत ४०० हून अधिक मुले दगावली. आईबाप रस्त्यावर उतरले, तेव्हा सरकार सायकलींसाठी वेगळे रस्ते बांधू लागले.

सभेची ती वही जपून ठेवा. पुढच्या वेळी मत मागायला कोणी दारात आले, की आधी तीच वही उघडून त्यांच्यापुढे धरा.