डोळ्याची नस, लेखांक ६ : खळगा मोठा की कड फिकी?

डोळ्याचा दाब कसा मोजतात ते गेल्या आठवड्यात पाहिलं. दाब १० ते २१ या मर्यादेत असूनही काचबिंदू होतो, हेही त्यात आलं होतं. आता अडचण अशी, की दाब नॉर्मल आणि नस खराब म्हणजे काचबिंदूच, असंही नाही. नसेचा रक्तपुरवठा तुटला तरी चित्र असंच दिसू शकतं.

दृष्टीच्या नसेत दहा-बारा लाख तंतू असतात. पडद्यावरून गोळा होऊन ते डोळ्याच्या मागच्या भिंतीतल्या चाळणीतून बाहेर पडतात. थेंब घालून बाहुली मोठी केली की ही जागा गोल चकतीसारखी दिसते. मधे फिकट खळगा, भोवती गुलाबी कड. कड म्हणजेच तंतू. काचबिंदूत तंतू वर्षानुवर्षं थोडेथोडे मरतात, चाळणीही मागे दबते, आणि खळगा रुंद व खोल होत जातो. कड झिजते, बहुधा आधी खालून किंवा वरून. पण उरलेली कड बराच काळ गुलाबीच राहते.

रक्तपुरवठा तुटतो तो अचानक. पन्नाशी ओलांडलेला, बऱ्याचदा मधुमेह किंवा ब्लडप्रेशर असलेला माणूस सकाळी उठतो आणि एका डोळ्याने खालचा अर्धा भाग दिसेनासा झालेला असतो. दुखत काहीच नाही. तेव्हा चकती सुजलेली असते. सहा-आठ आठवड्यांत सूज उतरते आणि कड पांढुरकी पडते. खळगा मात्र सहसा वाढत नाही. ज्यांना हा झटका येतो त्यांचा खळगा मुळातच लहान असतो. गर्दीच्या लोकलमध्ये सगळे जण जागच्या जागी फुगले तर जे होईल, तेच तिथे तंतूंचं होतं. दोन्ही डोळ्यांतले खळगे सहसा सारखेच असतात. म्हणून झटका येऊन काही महिने उलटलेला पेशंट आला, तर हुशार डॉक्टर चांगल्या डोळ्यातला खळगाही निरखून बघतो.

नजरेचा परीघ तपासणाऱ्या फील्ड टेस्टवर एकट्यावर विसंबू नये. दोन्ही आजारांत काळा डाग मधल्या आडव्या रेषेशी थबकू शकतो. ‘कधीपासून?’ हा फुकटातला प्रश्न अनेकदा जास्त सांगून जातो.

उपचारांची बाजू लंगडी आहे. काचबिंदूत दाब उतरवून उरलेले तंतू वाचवता येतात. रक्तपुरवठ्याच्या झटक्यात नसेचं आवरण कापायची शस्त्रक्रिया एके काळी गाजली. १९९५ साली अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत ती निरुपयोगी, कदाचित घातकही ठरली. उलट नुसत्या देखरेखीखाली ठेवलेल्यांपैकी ४० टक्क्यांहून अधिक जणांना सहा महिन्यांत तक्त्यावरच्या तीन किंवा त्याहून जास्त ओळी वाढीव वाचता आल्या.

खळगा आणि कडेचा हा नियम एका ठिकाणी फसतो. उतारवयात रक्तवाहिन्यांना दाह होऊन नसेचं रक्त तुटलं, तर कड फिकी पडतेच, शिवाय काचबिंदूसारखा खळगाही होतो. हा प्रकार आपल्याकडे कमी दिसतो, पण कानशिलं दुखणं, विंचरताना डोक्याची कातडी हुळहुळणं, चावताना जबडा भरून येणं यांबद्दल विचारायलाच हवं. दाह दाखवणाऱ्या ईएसआर आणि सीआरपी या तपासण्यांसाठी रक्त लगेच घेतात, कानशिलावरच्या रक्तवाहिनीची बायोप्सी नंतर होते. पण स्टिरॉइड रिपोर्टची वाट न बघता त्याच दिवशी सुरू करतात, कारण उशीर झाला तर दुसरा डोळाही काही दिवसांत जाऊ शकतो.