सदऱ्यांची तोफ

अमेरिकेत डीन केमन यांनी १९८९ साली स्थापिलेल्या 'फर्स्ट' या संस्थेच्या यंत्रमानव-स्पर्धांचा हंगाम जानेवारीत सुरू होऊन एप्रिलच्या सुमारास संपला, म्हणजे शालेय चमूंच्या हाती जो रिकामा काळ उरतो, त्यात प्रेक्षकांकडे गुंडाळलेले टी-शर्ट भिरकावणारी फिरती तोफ रचण्याची हौस पुष्कळांना होते. टाकीत कोंडलेली हवा झडप उघडताच नळीत शिरते आणि सदरा बाहेर फेकला जातो, इतकेच तत्त्व. परंतु सारी मेख त्या झडपेत आहे, कारण ती अरुंद किंवा मंद असली, तर टाकीत दाब कितीही असो, सदरा दहा पावलांवर लोळण घेतो. उलट, चौरस इंचास ६० पौंड हा दाब ३ इंच व्यासाच्या नळीत पूर्णपणे पोचला, तर त्या निरुपद्रवी बोळ्यावर ४०० पौंडांहून अधिक जोर पडतो, ही गोष्ट उत्साहाच्या भरात नजरेआड होते. म्हणूनच जादा दाब आपोआप सोडणाऱ्या सुरक्षा-झडपेची तजवीज अनिवार्य, आणि नळकामातील स्वस्त पीव्हीसी नळी (मोह कितीही होवो) हवेच्या टाकीसाठी सर्वथा वर्ज्य. दाबलेली हवा पाण्याहून कितीतरी अधिक ऊर्जा साठवून ठेवते, आणि ती नळी फुटली की तिच्या तीक्ष्ण ठिकऱ्या चहूकडे उडतात.