'सावल्यांचा खेळ' मांडणारा विस्मृतीतील दिग्दर्शक

मोहने, प्रतिनिधी : उल्हास नदीकाठच्या मोहने-आंबिवली पट्ट्यातील लग्नाची हळद असो की सार्वजनिक गणेशोत्सवातील वाद्यवृंद, 'हा खेळ सावल्यांचा' या चित्रपटातील कोळीगीत सुरू झाले की आबालवृद्ध ताल धरतात. गायिका आशा भोसले, संगीतकार हृदयनाथ मंगेशकर, गीतकार सुधीर मोघे ही नावे रसिकांना तोंडपाठ आहेत. पडद्यावरील डॉ. काशिनाथ घाणेकर आणि आशा काळे यांनाही कोणी विसरलेले नाही. मात्र चित्रपट कोणी दिग्दर्शित केला, या प्रश्नाला बहुतेकांकडे उत्तर नसते. ते उत्तर म्हणजे वसंत जोगळेकर.

भयपटांचे दिग्दर्शक म्हटले की मराठी प्रेक्षकाला हिंदीतील रामसे बंधू आठवतात. जोगळेकर त्या पठडीतले नव्हते. त्यांची कारकीर्द चाळीसच्या दशकात सुरू झाली. 1942 मधील त्यांच्या 'किती हसाल' या मराठी चित्रपटासाठी सदाशिवराव नेवरेकर यांनी लता मंगेशकर यांच्याकडून एक गाणे गाऊन घेतले. लताबाईंचे ते पहिले चित्रपटगीत. ते अंतिम चित्रपटात मात्र राहिले नाही. पाच वर्षांनी, 1947 मध्ये, जोगळेकरांच्याच 'आप की सेवा में' या चित्रपटात दत्ता डावजेकर यांच्या संगीतात लताबाईंचे पहिले हिंदी पार्श्वगायन झाले. एका युगप्रवर्तक आवाजाच्या दोन्ही आरंभांशी या दिग्दर्शकाचे नाव जोडलेले आहे, ही बाब क्वचितच सांगितली जाते.

पुढे 1963 मध्ये त्यांनी पु. ल. देशपांडे यांच्या 'सुंदर मी होणार' या नाटकावरून 'आज और कल' हा हिंदी चित्रपट केला. अशोककुमार, सुनील दत्त, नंदा आणि तनुजा अशी त्यात कलावंतांची फळी होती. 1968 मध्ये 'एक कली मुसकाई' आला. त्यात त्यांची कन्या मीरा नायिका होती, तर संगीत मदनमोहन यांचे होते. जोगळेकरांच्या पत्नी सुमती गुप्ते याही नामवंत अभिनेत्री.

विनोद, कौटुंबिक नाट्य, प्रेमकथा असा प्रवास केलेला हा दिग्दर्शक 1976 मध्ये भयकथेकडे वळला. नरसू नावाच्या भुताची दंतकथा आणि त्या दंतकथेने पछाडलेली नायिका हा 'हा खेळ सावल्यांचा'चा गाभा. भीती बाहेर आहे की मनात, हा प्रश्न चित्रपट सतत जागा ठेवतो. शीर्षकातच त्याची खूण आहे.

या संदर्भात इटलीचे उदाहरण उद्बोधक ठरेल. तेथे 1929 पासून पिवळ्या मुखपृष्ठाच्या रहस्यकथा निघू लागल्या आणि इटालियन भाषेतील 'जाल्लो' म्हणजे 'पिवळा' हा शब्द रहस्यकथेसाठीच रूढ झाला. पुढे त्याच नावाने तेथे भीती आणि रहस्य यांची सांगड घालणारे चित्रपट ओळखले गेले. रिकार्दो फ्रेदा, अंतोनियो मार्घेरिती यांच्यासारखे दिग्दर्शक ऐतिहासिक, साहसी, भय अशा सर्व प्रकारांत मागणीनुसार काम करीत. त्यांना हयातीत कारागीर मानले गेले. कालांतराने अभ्यासकांनी त्यांचे चित्रपट पुन्हा तपासले आणि त्यांना त्यांचे स्थान मिळाले.

जोगळेकरांच्या वाट्याला ते भाग्य अद्याप आलेले नाही. 2018 मध्ये डॉ. घाणेकरांच्या जीवनावरील चित्रपटात याच चित्रपटातील गाणे नव्याने सादर झाले आणि नवी पिढीही त्यावर नाचली. गाणी चित्रपटाला जगवतात हे खरे. परंतु कधीकधी तीच गाणी चित्रपटकर्त्याला झाकूनही टाकतात. गाण्यांपुरता नव्हे, तर आरंभापासून शेवटपर्यंत हा चित्रपट पाहणे, हाच त्यावरील उपाय होय. तेव्हा सावल्यांमागे उभा असलेला माणूसही दिसू लागेल.