पॅप-एची ओळ

कुकडीच्या धरणाकाठच्या येडगावात एखादीला तिसरा महिना सरता सरता ‘डबल मार्कर’ ही रक्ततपासणी लिहून दिली की ती नारायणगाव गाठते. रक्त पिवळ्या टोपणाच्या नळीत अर्धा तास गोठू देतात, मग यंत्रात गरगर फिरवतात. गुठळी तळाशी बसते, वर फिकट पिवळा सीरम उरतो. तो बहुधा गार डब्यातून मोठ्या शहरातल्या लॅबला जातो. तिथे प्रतिपिंडं हवा तोच रेणू धरून ठेवतात आणि रसायन चमकतं. त्या उजेडावरून रेणूचं प्रमाण कळतं.

मोजायचे दोघे: फ्री बीटा-एचसीजी हे संप्रेरक आणि पॅप-ए हे प्रथिन. दोन्ही वारेतून येतात. घरची माणसं मात्र अहवालात डाऊन सिंड्रोमपुढे ‘लो रिस्क’ वाचतात आणि कागद फाइलला लावतात. पॅप-एची ओळ न वाचताच राहते, याची मला फार हळहळ वाटते. तो आकडा 0.4 एमओएमच्या खाली असला, म्हणजे तितक्याच दिवसांच्या इतर गरोदर बायकांच्या मधल्या पातळीच्या निम्म्याहूनही कमी, तर वार नीट रुजली नसल्याची शंका घ्यावी. बाळाची वाढ खुंटण्याचा, आईचा रक्तदाब चढण्याचा धोका वाढतो. तरीही अशा बहुतेक बायका सुखरूप बाळंत होतात. गरोदरपणाचे दिवस सोनोग्राफीतल्या बाळाच्या लांबीवरून धरतात; ती चुकली, तर हा हिशेबही चुकतो.

वारेची तब्येत अशी जोखण्याची धडपड जुनी आहे. 1970च्या दशकात एस्ट्रिओल मोजत. बाळाची अधिवृक्क ग्रंथी आणि यकृत कच्चा माल पुरवतात, वार त्याचं एस्ट्रिओल करते, ते आईच्या लघवीत उतरतं. त्यासाठी चोवीस तासांची लघवी साठवायची. एक वेळ राहिली की सगळं वाया. आकडा रोज वरखाली होई, आणि तो कळल्याने बाळं वाचतात असं काही सिद्ध झालं नाही. सोनोग्राफी आणि रक्तप्रवाह मोजणारं डॉप्लर आलं आणि ती पद्धत मागे पडली.

आज आकडा लवकर कळतो आणि त्यावर इलाजही आहे. 2017च्या ‘अस्प्रे’ अभ्यासात रक्तदाब, गर्भाशयाच्या धमनीचा डॉप्लर, पॅप-ए आणि वारेचंच पीएलजीएफ हे प्रथिन एकत्र धरून जोखमीच्या बायका निवडल्या. रोज रात्री 150 मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांत 37 आठवड्यांआधीचा प्रीएक्लाम्प्सिया, म्हणजे गरोदरपणात रक्तदाब चढण्याचा आजार, 1.6 टक्के निघाला; औषध नसलेली तशीच गोळी घेणाऱ्यांत 4.3 टक्के. गोळी द्यायची की नाही हे डॉक्टरच ठरवणार, पण ती सोळाव्या आठवड्याआधी सुरू व्हायला हवी. तेव्हा अहवाल हातात पडताच पॅप-एचा आकडा डॉक्टरांना दाखवावा, आणि दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारच्या प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाच्या तपासणीलाही तो कागद सोबत न्यावा.