घरच्या चाचणीची एक रेघ

चतुर्थीला चाकरमानी गावी येतात, तेव्हा पिंगुळीतल्या घरात तीन पिढ्या एका छपराखाली असतात. 2020 च्या चतुर्थीला त्यांच्यावर विलगीकरणाची अट होती. आज ती नाही. आता सर्दी-तापाचे माणूस माजघरात आजीशेजारी बसावे की नाही, हे घरानेच ठरवायचे. त्यासाठी किट आणले जाते. पण ते नेमके काय सांगते?

औषधाच्या दुकानात मिळते ती बहुधा अँटिजेन चाचणी. ती विषाणूचे प्रथिन शोधते. पुण्याच्या मायलॅबच्या ‘कोविसेल्फ’ला आयसीएमआरने मे 2021 मध्ये मान्यता दिली, किंमत होती 250 रुपये. नाकातला नमुना, द्रावणाचे थेंब, पंधरा मिनिटे, मग रेघा. विषाणू भरपूर असले तरच दुसरी रेघ उमटते.

मॉलिक्युलर चाचणी विषाणूच्या जनुकीय अंशाच्या असंख्य प्रती काढते आणि मग तो ओळखते; म्हणून थोडे विषाणूही सापडतात. पीसीआरमध्ये त्यासाठी तापमान सतत वर-खाली करावे लागते. जपानी संशोधकांची ‘लॅम्प’ पद्धत साधारण 65 अंशांवर स्थिर राहून तेच साधते. त्यामुळे यंत्र तळहातावर मावले. अमेरिकेत ‘लुसिरा’ या घरगुती चाचणीला नोव्हेंबर 2020 मध्ये परवानगी मिळाली. 2023 मध्ये तिच्यात फ्लूचीही भर पडली.

आपल्याकडचा जवळचा पर्याय शेजारच्या गोव्यात घडला: मोलबायोचे ‘ट्रूनॅट’. बॅटरीवर चालणारे हे यंत्र चिपवर पीसीआर करते आणि साधारण तासाभरात निकाल देते. क्षयरोगासाठी ते सरकारी केंद्रांत पोचले, 2020 मध्ये कोविडसाठीही वापरले गेले. मात्र त्याला प्रशिक्षित तंत्रज्ञ लागतो. ते घरी वापरायचे नव्हे.

म्हणून किट घेताना मुदत पाहावी, कोणता विषाणू शोधते ते वाचावे. दोन रेघा आल्या तर कोविड आहे असेच धरावे. लक्षणे असून एकच रेघ आली, तर तो निर्दोषत्वाचा दाखला नव्हे: मास्क लावावा, वेगळे झोपावे, 48 तासांनी पुन्हा तपासावे किंवा आरटीपीसीआर करावी. वृद्धांना ताप आला तर थांबू नये. फ्लूचे औषध पहिल्या 48 तासांत सर्वाधिक गुण देते. आणि धाप लागली, तर रेघांची वाट न पाहता दवाखाना गाठावा.