पावसाळ्यातला पिवळा बेडूक

मृगाचा दणक्याचा पाऊस झाला, की तीर्थपुरीच्या शिवारात रात्री एकच गलका उठतो. नाल्यात, खड्ड्यात, शेताच्या चारीत, जिकडे तिकडे डरांव डरांव! सकाळी जाऊन पाहावे, तर हळदीने माखल्यासारखे पिवळेधमक बेडूक. गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळे फुगे. कोणी तरी म्हणतो, "हा विषारी आहे, हाणा त्याला!"

थांबा मंडळी. हा विषारी नाही. हा आपल्याकडचा नेहमीचाच मोठा बेडूक आहे. इंग्रजीत त्याला बुलफ्रॉग म्हणतात, म्हणजे बैल-बेडूक. एरवी तो हिरवट-तपकिरी असतो. पाऊस लागला की नर पिवळा होतो. मादीला तो लांबून दिसावा, एवढ्यासाठीच हा थाट. मादी मात्र साधीच राहते. हंगाम सरला की नवरदेवाचा रंगही उतरतो.

हा बेडूक साडेसहा इंचांपर्यंत वाढतो. आपल्या देशातल्या मोठ्या बेडकांपैकी हा एक. जगातला सर्वांत मोठा बेडूक आफ्रिकेत, कामेरूनकडच्या घनदाट जंगलातल्या ओढ्यांत राहतो. तो तीन किलोपर्यंत भरतो. पण त्याच्या गळ्याला फुगेच नसतात. गाजावाजा करावा तो आपल्याच बेडकाने!

मग उन्हाळ्यात हा जातो कुठे? मातीत. ओल धरून असलेल्या जागी तो खोल शिरतो आणि खाणेपिणे सोडून गुमान पडून राहतो. तो पाणी तोंडाने पीत नाही, कातडीने शोषून घेतो. श्वासही थोडाफार कातडीनेच घेतो. म्हणून ती कातडी कायम ओलसर लागते.

खाण्यात तो मोठा हावरा. किडे, नाकतोडे, खेकडे, उंदराची पिल्ले, लहानसा सापसुद्धा! जे तोंडात मावेल ते गट्ट. मादी साचलेल्या पाण्यात हजारो अंडी घालते. त्यांतून बेडूकमासे निघतात. तेही खादाड, एकमेकांना खायला कमी करत नाहीत. डबके आटायच्या आत त्यांना पाय फुटावे लागतात. नाही तर संपले.

या बेडकाच्या तंगड्यांना परदेशात मोठी मागणी होती. माणसे रात्री दिवे घेऊन बेडूक धरीत. उजेडाने बेडूक दिपतो आणि जागच्या जागी बसून राहतो. मागच्या तंगड्या कापून घेत, बाकीचे फेकून देत. किडे खाणारेच असे कमी होऊ लागले, तेव्हा 1987 साली सरकारने ही निर्यात बंद केली.

पण हाच बेडूक अंदमानात पोचला आणि तिथे उपद्रव झाला. तिथल्या बेडकांची पिल्ले त्याचे बेडूकमासे फस्त करतात. ज्याचे घर जिथे, तिथेच तो कामाचा.

आता आपल्या शिवाराचे बोलू. कपाशीवर औषध फवारले, पंप चारीत धुतला, की ते औषध पाण्यात उतरते. बेडकाची कातडी पाणी शोषते, तसे औषधही शोषते. बेडूकमासे तर त्याच पाण्यात वाढत असतात. पंप धुवायचा तर चारीपासून, विहिरीपासून लांब, कोरड्या जागी धुवावा.

पाऊस ओढ देतो तेव्हा मुले मुसळाला बेडूक बांधून, कडुलिंबाचा पाला लावून धोंडी मागत घरोघर फिरतात. आयाबाया वरून तांब्याभर पाणी ओततात. आमचे म्हणणे एवढेच, की फेरी झाली म्हणजे त्या बेडकाला सोडवून पाणवठ्याशी ठेवून यावे.